सुनंदाला लातूरला सोडताना

नगरच्या स्टँडवरून लातूरमार्गे उदगीरला जाणारी गाडी सुटली तेव्हा सुनंदा खिडकीशी बसली होती आणि मी तिच्या शेजारी, वळकटी पायांत धरून. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. तिथल्या नव्या कचेरीत तिला कारकुनाची नोकरी लागली होती. तिची आई जाऊन बरीच वर्षं झाली. घरात आम्ही दोघंच, आणि माझी मास्तरकीही आता संपत आलेली. पोरीला रुजू करतो, तिच्या राहण्याची सोय लावतो आणि परततो, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. मनात मात्र वेगळंच होतं. दुष्काळी गाव, अनोळखी माणसं. सोय काही होणार नाही, मग तिला घेऊनच परत येऊ.

जामखेड मागे पडलं आणि दोन्ही बाजूंची जमीन उघडी होत गेली. काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. एके ठिकाणी सरकारी कामावर बायका खडी फोडत होत्या. त्यांची लेकरं बाभळीला बांधलेल्या झोळ्यांत झोपली होती. पुढे गुरांची छावणी लागली. सुनंदा हे सगळं बघत होती.

लातूरला पोचायला संध्याकाळ झाली. उतरल्या उतरल्या आम्ही नळ शोधायला गेलो. नळ कोरडा होता. परत येतो तर गाडी पुढे उदगीरला निघून गेलेली, आणि टपावर सुनंदाची ट्रंक. स्टँडवरचा कंट्रोलर भला माणूस होता. म्हणाला, "घाबरू नका काका. निरोप धाडतो. येईल उद्या-परवा."

लॉजवर जागा नव्हती. मालक म्हणाला, "सगळे साहेब लोक येऊन राहिलेत हितं. जिल्हा झालाय नव्हं. खोली कुठंच न्हाई."

मला आतून बरंच वाटलं. तरी रात्रीपुरता आसरा हवाच होता, आणि आम्ही ख्रिस्ती, म्हणून चर्च विचारत निघालो. गंजगोलाईच्या, म्हणजे तिथल्या गोल बाजारपेठेच्या, मागच्या गल्लीत पत्र्याचं, बसकं चर्च सापडलं. आवारात कडुलिंबाचं झाड, झाडाखाली विहीर आणि विहिरीपासून पार गल्लीपर्यंत घागरींची रांग. पदर खोचून एक ठेंगणी बाई रहाटाचा दोर ओढत होती. चर्चच्या पाळकांच्या (धर्मगुरूंच्या) पत्नी, वत्सलाबाई.

"सलाम," मी म्हणालो. "आम्ही नगरहून आलोय."

"सलाम. या," त्या म्हणाल्या आणि दोराचं टोक सुनंदाच्या हातात दिलं. "जरा धर गं बाई. खांदा पार गेलाय माझा."

सुनंदानं चप्पल काढली आणि दोर ओढू लागली. मी वळकटी घेऊन उभाच. रांग संपली तेव्हा कुठं आम्हांला कोणी आमची नावं विचारली. रविवारच्या शाळेच्या खोलीत आमची निजायची सोय झाली. पाळक अंगानं किडकिडीत, हळू बोलणारे. त्यांनी स्वतः येऊन वाकळा (जुन्या लुगड्यांच्या गोधड्या) अंथरल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. उपासना आमच्या नगरच्या चर्चपेक्षा उशिरा सुरू झाली, कारण रात्रभर पाझरलेलं पाणी आधी वाटायचं असे. उपासना चालू असतानाही खिडक्यांबाहेर रांग उभीच होती. त्यांत बुरख्यातल्या बायका होत्या, शेजारच्या बौद्ध वस्तीतली माणसं होती, बाजारातले हमाल होते. आत गीत सुरू झालं की बाहेरची एक म्हातारी घागरीवर बोटांनी ठेका धरायची.

गीतानंतर पाळकांनी नवीन आलेल्यांना उभं राहायला सांगितलं. मी माझं नाव सांगितलं, मुलीला पोचवायला आलोय म्हणालो. मग सुनंदा उठली. "मी सुनंदा. इथं नोकरीला आलेय. राहायला आलेय." हे बोलताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मग बाकांवरून एकेक जण उठून आला, आमचे हात हातात घेऊन आपापलं नाव सांगून गेला. इतकी नावं माझ्या लक्षात राहणं शक्य नव्हतं, पण ते हात राहिले. बहुतेकांच्या तळव्यांना दोराचे वळ होते.

उपासनेनंतर मंडळी लिंबाखाली बसली. भास्करराव म्हणून एक वडीलधारे सभासद होते. ते उठले. "पाळकसाहेब, विहिरीचा तळ दिसून राहिला. आता बाहेरच्यांना बंद करा. माझ्या घरात तान्हं लेकरू हाय. आधी आपली माणसं, मग बाकीची. आन् नवीन माणसांचा भार तर आत्ता नकोच."

सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. सुनंदाचे कान लाल झाले. मी उठू लागलो.

"बसा गुरुजी," वत्सलाबाई म्हणाल्या. मग भास्कररावांकडे वळल्या. "भाऊ, आत्ताच तुम्ही हिचा हात हातात घेतलात. आता सांगा, ही आपली का बाहेरची?"

पाळक उठून उभे राहिले. मग म्हणाले, "आमच्या घरची एक घागर आजपासून कमी करा. ती रांगेला द्या." मागे बसलेली एक बाई म्हणाली, "आमची पण." मग आणखी कोणी. काहींनी मात्र आपली घागर सोडली नाही. भास्करराव उठून निघून गेले. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

दुपारी जेवणाचं बोलावणं आलं ते भास्कररावांच्याच घरून. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाचं कालवण) आणि शेंगदाण्याची चटणी. तान्हं बाळ झोळीत झोपलं होतं. भास्कररावांनी तांब्या स्वतः आणून सुनंदापुढे ठेवला. "राग नको धरू बाई. भ्या वाटतं. दुसरं काय न्हाई."

"मलाही वाटतं," सुनंदा म्हणाली आणि पाणी प्यायली. तेवढ्यावर दोघांचं मिटलं.

परतलो तर पाळकांच्या ओट्यावर शिवणकाम करणारी एक वयस्क मुसलमान बाई बसली होती. सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत. "ती उंच पोरगी कुठं हाय? काल माझी घागर भरून डोक्यावर दिली तिनं. खोली पायजे म्हणं तिला. माझ्या तिन्ही पोरी सासरी गेल्या. घर खायला उठतंय."

मी वत्सलाबाईंना बाजूला घेतलं. ओळख ना पाळख, परकं घर, असं काहीसं बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"गुरुजी, मी मुखेडकडची. लग्न करून हितं आले, तवा पाळक खेडोपाडी फिरायचे. मी एकटी. माझं पहिलं बाळंतपण खालानं केलं. आता तुम्हीच ठरवा."

खोली पाहायला गेलो. स्वच्छ सारवलेली जमीन, गल्लीकडे खिडकी, कोपऱ्यात शिलाई मशीन. खाला चहा ठेवायला आत गेल्या.

"बाबा," सुनंदा हळूच म्हणाली, "तुम्ही मला परत न्यायला आलात ना?"

मी खिडकीची कडी नीट लागते का ते पाहू लागलो.

"मी राहते. दर आठवड्याला पत्र लिहीन. पण राहते."

"कपडे कशात ठेवशील? ट्रंक कुठं आलीय अजून?" मी म्हणालो. ती हसली, आणि मग डोळे पुसू लागली. चहा घेऊन आलेल्या खाला दारातच थबकल्या. म्हणाल्या, "फिकर नको करू भाऊ. मी पण मायच हाय."

सोमवारी सकाळच्या उदगीर गाडीनं ट्रंक आली, एका बाजूला जरा चेपलेली. ती खालांच्या घरी पोचवली. कचेरीत जाण्याआधी सुनंदा विहिरीवर वत्सलाबाईंना हात द्यायला गेली होती. तिचा निरोप मी रांगेतच घेतला. तिला दोर सोडता येईना, म्हणून मीच तिच्या डोक्यावर हात ठेवला. भास्करराव मला स्टँडवर सोडायला आले आणि गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले.

परतीच्या वाटेवर तीच उघडी रानं, तीच छावणी. शेजारची जागा रिकामी होती. एखाद्या गावात आपलं माणूस ठेवून आलं की ते गाव नकाशावरचं राहत नाही. तिथलं पाणी, तिथलं ऊन यांची आपल्याला काळजी लागते. मला लातूरच्या पावसाची काळजी लागली होती.

घरी पोचलो तर शेजारीण दारात आली. "एकटेच आलात? पोरीला कुणाजवळ ठेवलंत?"

मी एकेक नाव सांगू लागलो. ती ऐकत राहिली. मग तिनं आपल्या घरात जाऊन माझ्यासाठी भाकरी टाकली.