स्कार्फ, मुरुमे आणि एक मॉइश्चरायझर

मित्रहो, मुरुमांच्या औषधाने माझ्या मुलीची त्वचा कोरडी पडली, म्हणून डॉक्टरांनी सुगंधविरहित, रंध्रे न बुजवणारे मॉइश्चरायझर सुचवले. आज सकाळी ते घ्यायला आम्ही जळगावातील एका मेडिकलमध्ये गेलो.

दुकानदाराने आपणहून गोरेपणाची क्रीम पुढे केली. "ताई, ही न्या. चेहरा एकदम उजळेल."

गाडीवरून उतरल्यावरही मुलीने तोंडाचा स्कार्फ सोडला नव्हता. ती आतूनच म्हणाली, "भाऊ, गोरं कोणाला व्हायचंय? मला हा स्कार्फ सोडायचाय."

दुकानदाराने ती क्रीम मागे ठेवली आणि वेष्टन वाचून हवी ती ट्यूब दिली.

आपल्याकडचे ऊन असे, की मुलींच्या स्कार्फचे कारण कोणी विचारत नाही. मीही विचारले नव्हते. आपण विचारले आहे का?