आईचं विरजण

आई गेल्यावर दही लावायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कढत दूध थेट विरजणावर ओतलं आणि सकाळी भांड्यात दूध तसंच्या तसं. आईनं लावलेल्या दह्यातलं तेवढंच विरजण उरलं होतं. बाबा ते भांडं घासायलाही देईनात.

"दुकानातनं दही आणते ना, बाबा."

"ते दही असेल गं. हिचं नसेल."

शेजारच्या काकूंच्या कानावर गेलं, तशा त्या वाटी घेऊनच आल्या. "भाऊजी, माझ्याकडचं विरजण तुमच्याच घरचं. मागे गावाहून आले तेव्हा वहिनींनी दिलं होतं, तेच चालवतेय."

किती इवले हे विरजणातले जीव, डोळ्यांना दिसतही नाहीत. कुंडीत पाणी घातल्यावर मातीचा वास येतो तो त्यांच्या भाईबंदांमुळे. पोटातला घास पचतो त्यातही त्यांचा हात असतो. आपल्याला वाटतं, विरजण आपण सांभाळतो. इथे तर त्यांनीच, रोज नव्या दुधात, आईच्या हातची चव शेजारच्या घरी सांभाळून ठेवली होती.

आता बाबा दूध कोमट होईपर्यंत ओट्याशी उभे राहतात. बाळाच्या अंघोळीचं पाणी बघावं तशी करंगळी बुडवून बघतात. विरजण ढवळतात, झाकण ठेवतात, भांड्याला आईची जुनी शाल गुंडाळतात.

"आता त्याला हलवू नकोस हं," मला हळूच सांगतात आणि स्वतःही पाय न वाजवता बाहेर जातात.