संत्र्यांना तहानलेलं ठेवणारी बाई

तेल्हाऱ्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी गावंडे घराण्याचा बावीस एकरांचा बगीचा आहे. मधोमध बंगला, बंगल्यापुढे गुलाबाचे ताटवे, मेहंदीचं कुंपण आणि मागे संत्र्याची हजारभर झाडं. केशरबाई इंगळे इथे चौतीस वर्षं काम करत होत्या. माळी म्हणून नाही, मजूर म्हणून. माळी त्यांचा नवरा होता, सुखदेव.

सुखदेवचा हात गुलाबात चालायचा. दसरा झाला की तो छाटणीला बसे आणि एकेका फांदीशी बोलत बसे. संत्र्याला मात्र तो निरुपयोगी. उन्हाळ्यात संत्र्याचं पाणी दीड-दोन महिने बंद ठेवावं लागतं. झाड सुकतं, थोडी पानं गाळतं, आणि मग पावसाचं पाणी मिळालं की फुलांनी भरतं. याला ताण देणं म्हणतात. सुखदेवला ते बघवत नसे, तो चोरून पाणी सोडी. म्हणून पहिल्याच वर्षी हे काम केशरबाईंनी स्वतःकडे घेतलं. नवऱ्याला त्यांनी उन्हाळाभर संत्र्याच्या बाजूला फिरकू दिलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी सुखदेव वारला. बगीच्याचे कारभारी नत्थुजी यांनी बाहेरून माळी आणला. त्याला साप दिसला, तो दोन महिन्यांत काम सोडून गेला. दुसऱ्याला साप दिसला नाही, पण नत्थुजी रोज दिसायचे; तोही गेला. त्यानंतर नत्थुजींनी शोधणं थांबवलं. गुलाबाची छाटणी, शेवंतीच्या कुंड्या, संत्र्याचा ताण, सगळं केशरबाई करू लागल्या. कोणी विचारलं की नत्थुजी सांगत, "माळी सध्या नाही."

मागच्या वर्षी साधनाताई गावंडे नाशिकच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आणि नवऱ्यासह बंगल्यात राहायला आल्या. एप्रिलच्या शेवटी केशरबाईंनी पाणी बंद केलं. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर गेला. व्हरांड्यातून संत्र्याच्या दोन ओळी दिसत, चौदा झाडं. त्यांची पानं वळली, पिवळी पडली. साधनाताईंना चहा गोड लागेना. दुपारी केशरबाई जेवायला घरी गेल्या की त्या स्वयंपाकघराच्या नळाला पाइप लावून त्या चौदा झाडांना पाणी घालू लागल्या.

चौथ्या दिवशी केशरबाईंनी त्यातल्या एका झाडाच्या बुडाशी बोट खुपसून पाहिलं. माती ओली होती. त्या व्हरांड्याच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, झाडायले पानी कोन देऊन राहिलं?"

"मी," साधनाताई म्हणाल्या. "मरतील ना ती!"

"नाही मरत. बंद करा."

"केशरबाई, तुम्हाला दया येत नाही का?"

"येते. म्हनून सकायी एकदाच पायते, दुपारी पायत नाही."

"झाडं माझ्या घरची आहेत."

"हो, तुमचीच हायेत," केशरबाई म्हणाल्या. मग त्यांनी चुन्याचा डबा आणला, त्या चौदा बुंध्यांवर एकेक पट्टा ओढला आणि कामाला निघून गेल्या. साधनाताईंनी पाइप चालूच ठेवला. आता लपवायचं कारण उरलं नव्हतं.

रोज सकाळी केशरबाई बाकीच्या झाडांमधून फिरत. एखादं पान हाताने चुरगळून बघत, एखाद्या बुंध्याला तळहात लावून उभ्या राहत. जूनमध्ये दोन जोरदार पाऊस झाले. पंधरवड्यात सगळा बगीचा पांढरा झाला. वासामुळे बंगल्याच्या खिडक्या बंद कराव्यात असं नत्थुजींनी सुचवलं. कोणी ऐकलं नाही.

चुन्याच्या पट्ट्याची चौदा झाडं त्यात सर्वांत हिरवी होती. त्यांच्यावर पालवीच पालवी होती. फूल एकही नव्हतं.

साधनाताई पहिल्या झाडाखाली केशरबाईंजवळ येऊन उभ्या राहिल्या. छत्तीस वर्षं त्यांनी मुलांच्या चुका काढल्या होत्या. स्वतःची कशी सांगावी याचा सराव नव्हता.

"माझं चुकलं," शेवटी त्या म्हणाल्या.

"हो," केशरबाई म्हणाल्या. मग बुंध्याला तळहात लावून म्हणाल्या, "ह्यायले हिवाळ्यात ताण देऊ, आंबिया बहार येईन, आंब्याच्या मोहरासंगं. थंडीत तुमाले पानी द्यावंसं वाटनार नाही."

"तुम्हाला हे कोणी शिकवलं?"

"कोनी नाही. माह्या नवऱ्यानं पानी सोडलेली झाडं पायली ना मी, पयल्या वर्षी. असीच हिरवीगार होती."

ऑगस्टमध्ये अकोल्याहून बगीचा बघायला कृषी खात्याचे दोन अधिकारी आले. त्यांनी झाडांना लागलेली फळं पाहून विचारलं, माळी कोण? नत्थुजींनी तोंड उघडलं होतं. साधनाताई आधी बोलल्या, "माळी ह्या, केशरबाई इंगळे."

केशरबाई त्या वेळी मेहंदीचं कुंपण कापत होत्या. अधिकारी जवळ आले, तेव्हा त्यांनी कात्री खाली ठेवली, पदराने हात पुसले आणि विचारतील तेवढं सांगितलं. ताणाचे दिवस किती, काळ्या जमिनीत जास्त का लागतात, मेमध्ये अवकाळी आला तर काय करायचं. एका अधिकाऱ्याने वहीत लिहून घेतलं. लिहिताना तो दोनदा म्हणाला, "जरा हळू सांगा, बाई."

ते गेल्यावर नत्थुजी म्हणाले, "केशरबाई, तू तर भाषन देऊन राहिली होती."

"नत्थुजी," त्या म्हणाल्या, "शिडी धरा. वरचं कुंपन राह्यलं."

नत्थुजींनी इकडेतिकडे पाहिलं. दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी शिडी धरली.