गवंड्याचं जोतं

त्या गावात कुणाचा जुना पत्ता विचारला, तर म्हातारी माणसं समुद्राकडे बोट करतात. शाळा होती तिथे आता होड्या नांगरलेल्या असतात आणि जुन्या विहिरीच्या काठाला अडकून जाळी फाटतात. मागे टेकडी, पुढे पाणी आणि मध्ये चिंचोळी जमीन, एवढाच गावाचा भूगोल. इतिहास त्याहून सोपा. समुद्राने घरांची पुढची ओळ खाल्ली की ती माणसं टेकडीकडे जाऊन नवी ओळ मांडतात आणि दुसरी ओळ आपोआप पहिली होते.

ही नवी घरं बांधायची गवंड्याने. बापाने आणि आजोबांनीही तेच केलं होतं. टेकडीकडची जागा फुकट, म्हणून तंटे नकोत या विचाराने गावाने एक नियम करून ठेवला होता: भरतीचं पाणी ज्याच्या उंबऱ्याला लागेल, त्यालाच जागा. नियम सुचवला होता गवंड्याच्याच आजोबांनी. आपलेच दात, आपलेच ओठ. शिव्या घालायच्या तरी कुणाला?

आणि शिव्या घालाव्यात अशीच वेळ होती, कारण गवंड्याच्या उंबऱ्याला पाणी लागतच नव्हतं. लग्नाच्या वर्षी बायकोवर छाप पाडायला म्हणून त्याने घराचं जोतं चांगलं छातीइतकं उंच घेतलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. आजूबाजूचे एकेक करून टेकडीकडे गेले, ओळीत उरला तो आणि शेजारचा होडीवाला. जवळची विहीर खारट झाली. बायको दुखऱ्या गुडघ्यांनी पार मागच्या ओळीतून कळशा आणायची. भरतीला अंगण बुडालं की दोघं घरात कोंडून बसायची, आणि पाणी दुसरी पायरी भिजवून परत जायचं.

बायकोने एकदा समुद्राचं कळशीभर पाणी उंबऱ्यावर ओतलं आणि गावातल्या म्हाताऱ्यांना पाहणीला बोलावलं. सगळ्यात म्हाताऱ्याने बोट बुडवून जिभेला लावलं आणि विचारलं, बाई, पाणी खारं आहे खरं, पण वाळू कुठे आहे? गावभर हसं झालं. मग तिने नवऱ्याच्या मागे लकडा लावला, की उंबराच काढून खालच्या पायरीवर बसवा. बरेच दिवस टाळून एकदाचा तो छिन्नी-हातोडा घेऊन बसला. दिवसभरात एक कोपरा उडाला आणि छिन्नी बोथट झाली. बांधकाम त्याचंच होतं ना!

यंदा पाणी लागलं ते होडीवाल्याच्या उंबऱ्याला. त्याला जागा मिळाली ती नेमकी गोड्या विहिरीला लागून, जिच्यावर गवंड्याच्या बायकोचा कधीपासून डोळा होता. दुसरा गवंडी गावात होताच कुठे? त्याच जागेवर पाया खणायला याला जावं लागलं. तळपायाची आग मस्तकात गेली, पण हात चालू राहिले.

होडीवाला समुद्रावर निघताना जरा थांबला.

"दादा, जोतं कमीच घे. पुढे माझा पोरगा तुझ्यासारखा अडकायला नको."

गवंड्याने कुदळ पुन्हा मातीत घातली. आजवर लोक त्याला बोलवायचे ते भक्कम कामासाठी. आता कच्चं काम मागत होते, आणि तेही त्याच्याच घराकडे बोट दाखवून.

काही दिवसांनी बायको पाण्याला आली, तेव्हा जोत्याचे थर चढलेले होते. ती जवळ जाऊन उभी राहिली.

"अहो, त्यांनी कमी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं."

"हे माझ्या छातीला लागतंय."

"मला कमी बांधता येत नाही," गवंडी म्हणाला. थापी पुसता पुसता त्याने पुढे जोडलं, "आणि अडकला तर अडकू दे."

बायकोने कपाळाला हात लावला. एवढ्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदा मनातलं बोलला होता, आणि बोलला तेही असं. तिने कळशी भरली. घरी निघताना त्याने ती तिच्याकडून घेतली आणि भरतीच्या आत दोघं घरी पोचली.

शेजारचं घर आता रिकामं होतं. पाणी अंगणात शिरलं, पहिली पायरी बुडाली, दुसरी भिजली. बायको उंबऱ्यात बसून बघत होती.

"ये की अजून थोडं," ती पाण्याला म्हणाली.

पाणी नेहमीसारखं मागे फिरलं.