मुदतवाढ आणि कोंबडी

कोरोनाच्या दिवसांत मी मलकपेठच्या घरात बसून एका बसमालकाच्या ऑफिसचं काम करत होते. जवळच्या एका छोट्या शहरात त्याच्या सिटी बस चालायच्या. नगरपालिकेशी असलेला करार संपत आला होता आणि त्या दिवसांत नवं टेंडर कोण काढणार? म्हणून मुदतवाढीसाठी तिथल्या कमिशनरसाहेबांनी व्हिडिओवर मीटिंग बोलावली. इतिवृत्त लिहायला मीही घरून हजर होते.

"गाडियाँ ठीक हैं क्या, दिखाओ," साहेब म्हणाले.

मालक मोबाइल घेऊन डेपोतल्या पहिल्याच बसमध्ये चढला. गाड्या कित्येक दिवस उभ्याच होत्या. ड्रायव्हरच्या सीटवर एक कोंबडी ऐटीत बसली होती.

"ये कौन है?"

"वॉचमन की मुर्गी है साब. अंडों पो बैठी है."

"उठाओ उसको. गाडी चालू करो."

मालकानं हात पुढे केला, तशी तिनं अशी चोच मारली की मोबाइल खाली पडला. मग बराच वेळ आम्ही बसचं छत बघत मालकाच्या शिव्या ऐकल्या.

"इसको उठाना नक्को साब," शेवटी तो म्हणाला, "दूसरी दिखातूं."

दुसरी बस झटक्यात सुरू झाली आणि मुदतवाढ मिळाली. पिल्लं बाहेर येईपर्यंत पहिली बस हलवू नये, असं साहेबांनीच बजावलं. मी ते मीटिंगच्या इतिवृत्तात जसंच्या तसं लिहिलं आणि त्याखाली दोघांनी गंभीरपणे सह्या केल्या.