धाब्यावरचं जिप्सम

"मॅडम, फोटो पाहिला का? आपल्या ग्रुपवर एवढे अंगठे कधीच आले नव्हते!"

सेल्सचा प्रवीण फोनवर भलताच खुशीत होता. मी फोटो पाहत होते आणि माझा चहा गार होत होता. फोटोत साठीतले एक गृहस्थ घराच्या छतावर उभे होते. हातात फावडं, पायाखाली पांढुरकी माती. खाली प्रवीणने लिहिलं होतं, 'शेतासोबत घरालाही उपयोगी, आपलं जिप्सम!' आणि हे त्याने विदर्भातल्या आमच्या सगळ्या डीलरांना पाठवलं होतं.

"प्रवीण, आधी तो फोटो काढून टाक."

"काऊन मॅडम? मस्त आलाय."

"काढ म्हटलं ना. आणि हे घर कुठलं ते सांग."

घर संग्रामपूर तालुक्यातलं निघालं. मालक निनाजी अवचार, आमचे जुने गिऱ्हाईक.

मी मुंबईजवळच्या एका खत कारखान्यात रेडिएशन सेफ्टी ऑफिसर आहे. हे ऐकलं की लोक विचारतात, खताच्या कारखान्यात रेडिएशन कुठून आलं? ते दगडातच असतं. खतासाठी रॉक फॉस्फेट नावाचा दगड लागतो, तो जहाजाने येतो. त्यात किंचित युरेनियम आणि त्यापासून झालेलं रेडियम निसर्गानेच ठेवलेलं असतं. दगडावर अ‍ॅसिडची प्रक्रिया केली की खताचा भाग एकीकडे जातो आणि जिप्समचा पांढरा ढीग मागे उरतो. बहुतेक रेडियम त्या ढिगात जातं. ते आम्ही घातलेलं नसतं, पण एका जागी गोळा आम्हीच केलेलं असतं. म्हणून अणुभट्टीशी काडीचा संबंध नसलेल्या आमच्या कारखान्यालाही किरणोत्सर्गाचे नियम लागतात आणि माझ्यासारखीला पगार मिळतो.

नियम साधा आहे. हे जिप्सम शेतात चालतं, त्याला वेगळी परवानगी लागत नाही. घराच्या कामात वापरायचं तर त्यातलं रेडियम ग्रॅममागे एक बेकरेलच्या वर नको. बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. जास्त असेल तर त्यात दुसरं काही मिसळून ते एकच्या खाली आणायचं. कारण शेतात माणूस राबतो आणि घरी येतो. घरात तो झोपतो. आमच्या यार्डातल्या जुन्या ढिगाचा आकडा एकच्या थोडा वर होता, म्हणून तो फक्त शेतीला जायचा. पोत्यावर तसं छापलेलंही होतं. इंग्रजीत, आणि मुंगीएवढ्या अक्षरात.

मी आमचे प्लांट हेड सामंत साहेब यांच्याकडे गेले. साहेब जन्माने मुंबईचे. त्यांना आधी धाबं म्हणजे काय ते सांगावं लागलं. आमच्या वऱ्हाडात जुन्या घरांना सपाट मातीचं छत असतं. लाकडाच्या तुळया, त्यावर फळ्या, त्यावर मातीचा जाड थर. त्याला धाबं म्हणतात. दर वर्षी उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, त्यावर नवी खारी माती टाकून ठोकून बसवतात. माझं माहेर धामणगाव बढ्याचं. लहानपणी मी स्वतः घमेली वाहिली आहेत.

"म्हणजे नियम अक्षरशः धाब्यावर बसवलेत की," साहेब हसले. मग हसू आवरून म्हणाले, "जा, मोजा, सुरक्षित आहे असं लिहा आणि या. बोभाटा नको."

"आधी मोजते. मग काय लिहायचं ते ठरवू."

मे महिना होता. शेगावला उतरले तेव्हा सकाळीच ऊन चावत होतं. प्रवीण गाडी घेऊन आला होता, पण चेहरा पडलेला. वाटेत त्याने सांगितलं की पाहुणे येणार म्हणून त्याने निनाजीभाऊंना आधी कळवलं होतं. कारण विचारलं तेव्हा, "मुंबईच्या मॅडम रेडिएशन तपासायला येतात," असं सांगूनही टाकलं होतं. मी कपाळावर हात मारला.

अवचारांच्या अंगणात पोचलो तेव्हा भांडण रंगात आलं होतं. निनाजीभाऊंची मुलगी वर्षा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नववा महिना लागलेला. तिची खाट नेमकी त्या धाब्याखालच्या खोलीत, कारण घरात तीच खोली गार. जावई जळगाव जामोदचे. त्यांच्या कानावर रेडिएशन हा शब्द गेला होता आणि ते फोनवरून हटून बसले होते, आजच्या आज गाडी पाठवतो, वर्षाला परत आणतो. वर्षा रडत होती. तिला जायचं नव्हतं.

"या मॅडम," निनाजीभाऊ म्हणाले. उंच, खडखडीत माणूस, आवाज मोठा. "पाहा तुमीच. मी काय माह्या पोरीले जहर देऊन राह्यलो काय? तुमचंच जिप्सम हाय थे!"

त्यांची बायको, पर्वताबाई, माठातलं पाणी घेऊन आल्या. त्यांनी फक्त एकच विचारलं. "माह्या पोरीले या खोलीत निजू द्याचं का नाई, तेवढं सांगा. बाकीचं मले समजत नाई."

इतका नेमका प्रश्न मला कुठल्याही मीटिंगमध्ये कोणी विचारलेला नाही.

मी मीटर काढलं. आधी अंगणात मोजलं, मग शेजारच्या पत्र्याच्या घरात, मग खोलीत. जमिनीपाशी, खाटेच्या उंचीवर, छताजवळ. मीटर टिकटिकतं, आणि ती टिकटिक ऐकून दारात जमलेल्या शेजारणी दोन पावलं मागे सरकल्या. टिकटिक अंगणातही होत होती, हे मी त्यांना ऐकवलं. ती सगळीकडे होते. आपल्या पायाखालचा काळा दगड या बाबतीत गरीबच. केरळच्या काही किनाऱ्यांवरच्या वाळूत याच्या कितीतरी पट जास्त असतं आणि लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहतात.

खोलीतला आकडा अंगणापेक्षा जास्त होता, पण दुपटीच्याही आत. मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी. कारण विचारल्यावर कळलं, निनाजीभाऊंनी नुसतं जिप्सम टाकलं नव्हतं. एक घमेलं जिप्सम, एक घमेलं खारी माती, असं कालवून टाकलं होतं. मिसळून प्रमाण खाली आणायचं, हा नियम त्यांनी न वाचताच पाळला होता. मी छतावर चढून नमुना घेतला, डब्यात भरला.

"खोलीत मोजलं ते काळजीचं नाही," मी पर्वताबाईंना सांगितलं. "रेडियममधून थोडा वायू निघतो, म्हणून खोलीची खिडकी उघडी ठेवा. किरणांसाठी म्हणाल तर वर्षा इथे झोपू शकते."

"मंग झालं तर!" निनाजीभाऊंनी मांडीवर थाप मारली. "लाव वं जावयाले फोन."

जावईबापू फोनवर आले. सभ्य माणूस, पण घाबरलेला. "मॅडम, लेखी देता का?"

"पक्का आकडा लॅबमधून येतो. नमुन्याचा डबा जवळपास महिनाभर सीलबंद ठेवावा लागतो. आतल्या द्रव्यांचा समतोल झाला की मगच रेडियम नीट मोजता येतं."

"महिनाभर? तोवर तर बाळंतपण होऊन जाईल!"

"म्हणून तर मीटर घेऊन आले. आजचं उत्तर मी माझ्या जबाबदारीवर देते आहे."

ते जरा नरमले. संध्याकाळपर्यंत विचार करतो म्हणाले. निनाजीभाऊंच्या दृष्टीने मात्र निकाल लागला होता. ते मला शेत दाखवायला निघाले. वावर घरामागेच होतं. हा सगळा खारपाणपट्टा. जमिनीत क्षार, विहिरीला खारं पाणी.

"पह्यले इथं पानी पडलं का साचून राहे. वरतून चिखल, खालतून कोरडं ठक्क. पीक सडून जाये. तुमचं जिप्सम टाकलं अन् पाहा, आता पानी पडलं का जिरते. लगेच खाली जाते!"

मी मान डोलावत होते. मग डोलवायची थांबले. मागे वळून धाब्याकडे पाहिलं.

मी मुळात केमिस्ट. हे मला रेल्वेतच सुचायला हवं होतं, पण सगळं डोकं रेडियममध्ये गुंतलेलं. खाऱ्या मातीत सोडियम असतो. ती भिजली की तिचे कण सुटे होतात, फुगतात, आणि बारीकसारीक सगळी भोकं बुजवतात. म्हणून तिच्यातून पाणी खाली जात नाही. शेतात हा रोग आहे. धाब्यावर हाच गुण आहे. म्हणून तर आमच्या आज्या-पणज्यांनी धाब्याला खारीच माती निवडली. जिप्सममधला कॅल्शियम त्या कणांचे गोळे करतो, मधे वाटा मोकळ्या होतात, पाणी झिरपतं. निनाजीभाऊंनी शेताचं औषध छताला पाजलं होतं. पावसात ते छत गळणार होतं. नुसतं गळलं असतं तरी चाललं असतं. पण भिजलेल्या मातीचं वजन त्या जुन्या तुळयांवर, आणि तुळयांखाली बाळंतिणीची खाट.

"भाऊ, हे छत काढावं लागेल."

निनाजीभाऊ थांबले. "आत्ता तर पास म्हनलं तुमी!"

"किरणांत पास. पाण्यात नापास."

"हे बरं हाय! मीटर झालं, आता माती? तुमाले कसंबी करून काढाचंच हाय, सांगा ना. साहेबानं सांगून धाडलं असंन." ते चांगलेच भडकले. "आमी दोघं नवरा-बायकोनं घमेली वाह्यली मॅडम, या उन्हात. पोरीले गार लागावं म्हून. धाबं माहा बाप टाके, त्याचा बाप टाके. तुमी मले शिकवून राह्यल्या?"

त्यांचं चुकत नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. मी सामंत साहेबांना फोन केला.

"किरणोत्सर्ग ठीक आहे ना? मग निघा," साहेब म्हणाले. "छत गळणं आपल्या कार्यकक्षेत येत नाही."

"माल आपला आहे, साहेब. फोटो आपल्या माणसाने मिरवलाय."

"मग लोकांना रेडिएशनचंच कारण सांगा. घाबरून काढतील."

"जे खरं नाही ते नाही सांगणार," मी म्हणाले आणि फोन ठेवला. पोटुशी बाई आत झोपलेली, आणि तिला खोटी भीती घालायची? माझ्या पगारात ते बसत नाही.

मी पर्वताबाईंकडे दोन रिकाम्या पाण्याच्या बाटल्या मागितल्या. त्यांनी बुडं कापून दिली. बाटल्या उलट्या धरून तोंडाला फडकं बांधलं. एकीत नुसती खारी माती भरली, दुसरीत धाब्यावरचा कालवलेला माल. दोन्ही सारख्या ठोकून बसवल्या, जशी धाब्यावर बसवतात तशी. खाटेच्या बाजूच्या दांडीला टांगल्या आणि तांब्यातून दोन्हींत सारखं पाणी ओतलं.

"चहा ठेवा," मी म्हणाले. "वेळ लागेल."

चहा झाला. शेजारणी पुन्हा पुढे सरकल्या. खाऱ्या मातीवर गढूळ पाणी तसंच उभं होतं, खालचं फडकं जेमतेम ओलसर. दुसऱ्या बाटलीतलं पाणी हळूहळू उतरलं आणि खालून थेंब पडायला लागले. स्वच्छ, नितळ थेंब, एकामागून एक, अंगणाच्या धुळीत.

निनाजीभाऊ उकिडवे बसून पाहत राहिले. मग त्यांनी तळहात त्या थेंबांखाली धरला.

"वावरात असंच जिरते," ते स्वतःशीच म्हणाले.

पर्वताबाईंनी आत जाऊन वर्षाची गोधडी उचलली, शेजारच्या पत्र्याच्या घरात नेली, आणि परत येऊन नवऱ्यापुढे फावडं ठेवलं. "ऊन उतरलं का चढा वरते. मी घमेली घेतो."

दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा अर्धं धाबं मोकळं झालं होतं. उतरवलेला माल बैलगाडीतून वावरात चालला होता, त्याच्या खऱ्या कामाला. प्रवीणही वर होता, घामाघूम. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. स्वतःच चढला होता. जावयांची गाडी आली नाही. ते स्वतः आले, शर्ट काढून खुंटीला लावला आणि खाऱ्या मातीची घमेली उचलू लागले.

कारखान्यात पोत्यावर काय छापायचं यावर मीटिंग झाली. साहेबांना मराठीत, मोठ्या अक्षरात, किरणोत्सर्गाचा इशारा हवा होता. मी म्हटलं, नियमाची ओळ मोठी करा, मराठीत करा, माझी हरकत नाही. पण नुसता इशारा छापलात तर लोक घाबरून शेतातही टाकणार नाहीत, नाहीतर वाचणारच नाहीत. तिच्याखाली छापा, 'धाब्यावर टाकू नये. छत गळते.' बरीच कुरकुर झाली. शेवटी दोन्ही ओळी छापल्या. आता डीलर सांगतात, शेतकरी दुसरीच ओळ एकमेकांना वाचून दाखवतात.

लॅबचा अहवाल आला तेव्हा पाऊस सुरू झाला होता. आकडा एकच्या आत होता. मी उत्साहाने निनाजीभाऊंना फोन लावला. उचलला पर्वताबाईंनी.

"बाई, अहवाल आला. एक बेकरेलच्या आत आहे."

"कायचा अहवाल?"

"रेडियमचा. तुमच्या धाब्याचा."

"असं व्हय." मग आवाज एकदम उजळला. "मॅडम, पोरगी झाली आमच्या वर्षाले! काल रातभर पानी होतं. मायलेकी त्याच खोलीत निजल्या हायेत, धाब्याखाली. मी रातून उठून उठून वरते पाह्यलं. एक थेंब नाई पडला."

मी अभिनंदन केलं आणि फोन ठेवला. आमच्या कामात अचूक उत्तर यायला महिना लागतो, आणि बाळंतीण काही तोवर थांबत नाही. मी अहवाल फाइलला लावला.