हनुवटीचा नकार

पडदा वर जातो तेव्हा आधी दिसते ती खिडकी. बाहेर न्यूयॉर्कच्या एलिझाबेथ स्ट्रीटवरची समोरची चाळ, मधल्या दोऱ्यांवर कुणाकुणाचे ओले परकर. आत एक टेबल आणि त्यावर ढीगभर जांभळी फुलं. कापडाची, श्रीमंत बायकांच्या टोप्यांवर बसणारी. ढिगाच्या अलीकडे दोन्ना पीना, म्हणजे आमच्या बोलीत पीनाबाई, पलीकडे तिची सात वर्षांची वेनेरा. पोर पाकळीला खळ लावते, आई देठाला तार गुंडाळते. उभ्या आयुष्यात इतकं सुंदर नेपथ्य मला कुणी उभारून दिलं नाही. इतकं दरिद्रीही नाही.

मी वरच्या मजल्यावर राहायचो. आमची नाटक मंडळी एका तळघरात सिसिलीच्या लोकांसाठी सिसिलीच्या बोलीत खेळ करायची. राजाची कामं माझ्याकडे, म्हणून पीना मला ‘राजे’ म्हणे. जिन्यात गाठ पडली की विचारायची, “काय राजे, आज कुणाचं मुंडकं उडवलंत? आमचा घरमालक अजून धडधाकट आहे बरं का.” नवरा जमिनीखालच्या रेल्वेचा बोगदा खणताना ढिगाऱ्याखाली गेला, त्यानंतरही तिची जीभ बोथट झाली नव्हती. तेवढी जीभ आणि वेनेरा, एवढंच तिचं उरलं होतं.

आमच्या गल्लीत तेव्हा शिकलेल्या अमेरिकन पोरी घर घेऊन राहत. गरिबांची सेवा करायची, कायदे बदलायचे, असा त्यांचा ध्यास. त्यातली मिस हार्लो पीनाकडे यायची. दूध आणायची, साबण आणायची आणि आल्या आल्या खिडकी उघडायची. पीना गारठून म्हणायची, “हिला वाऱ्याचा भारीच सोस. आईनं गच्चीवर जन्म दिला की काय?” मिस हार्लोला शब्द कळत नसे, तीही हसायची. मुलांनी फुलं करू नयेत, शाळेत जावं, आजाऱ्याच्या खोलीत बनलेला माल बाजारात जाऊ नये, यासाठी ती बाई जिवाचं रान करत होती. खरंच होतं तिचं. मी तिला आजही वाईट म्हणणार नाही.

त्या हिवाळ्यात वेनेरा खोकायला लागली. एका दुपारी, मी तालमीला गेलेलो असताना, मिस हार्लो शहराच्या डॉक्टरला घेऊन आली. पुढचं पीनानं मला इतक्यांदा सांगितलं की ते मी स्वतः पाहिल्यासारखं दिसतं. डॉक्टरनं पोरीची छाती तपासली. मिस हार्लोनं पोरीकडे बोट केलं, मग नदीकडे. नदीतल्या बेटावर इस्पितळ होतं. मुलीला तिथं नेऊ का, असा प्रश्न होता. पीनाला इंग्रजी येत नव्हतं, पण प्रश्न बरोबर कळला.

तिनं नाही म्हटलं. आमच्याकडे सिसिलीत म्हणतात तसं: हनुवटी वर, डोकं जरा मागे, जिभेचा एक ‘च्च’. आमच्या गावात शेरडांनाही ते कळतं. रंगमंचावर त्या एका हनुवटीवर मी टाळ्या घेतल्या आहेत.

मिस हार्लोनं पाहिलं ते एवढंच, की मान वर गेली आणि खाली आली. तिच्या देशात तो होकार. तिचे डोळे भरून आले आणि तिनं पीनाला मिठी मारली. आपलं म्हणणं मानलं, अशा समजुतीनं पीनानंही तिला घट्ट धरलं. ती मिठी सुटेपर्यंत डॉक्टरनं पोरीला कांबळ्यात गुंडाळून उचललं होतं. पीना किंचाळत जिन्यानं धावली. आया रडतातच, असं खाली उभ्या गाडीवाल्याला वाटलं असावं.

खोकला साधाच होता. पण इस्पितळात शेजारच्या खाटेवर घटसर्पाचं मूल होतं. रविवारी भेटीला मी पीनाला घेऊन होडीनं गेलो, तेव्हा वेनेराची खाट रिकामी होती, नवी चादर घातलेली. घरी आलो तर आजाऱ्याची खोली म्हणून कायद्याप्रमाणे फुलांचं कामही बंद झालेलं. टेबल मोकळं.

हनुवटीची गोष्ट मिस हार्लोला मीच सांगितली. ती जिन्याच्या पायरीवरच बसली. पुढं ती आमची बोली शिकायला लागली, मोडकीतोडकी. तिनं येणं सोडलं नाही, आणि पीनानं तिला कधी बाहेर काढलं नाही. पण पीनाचं मान हलवणं गेलं ते गेलंच. बाजारात कुणी “भाजी हवी का, दोन्ना पीना?” विचारलं, तर ती दगडासारखी उभी राहायची आणि तोंडानं उत्तर द्यायची. घरमालकावरचे विनोदही थांबले. मी मुद्दाम त्याचं नाव काढायचो, ती खिडकीबाहेर बघायची.

बऱ्याच वर्षांनी पीनाची छाती कफानं भरली. मिस हार्लो आली, केस पिकलेले. ह्या वेळी तिनं खिडकी उघडली नाही. पुन्हा चूक नको म्हणून तिनं मला दुभाषा म्हणून मधे घातलं आणि सावकाश विचारलं, इस्पितळात नेऊ का?

पीनानं दोन्ही हातांनी आपली हनुवटी घट्ट धरली. माझ्याकडे पाहून म्हणाली, “मान हलवून सांगू नका, राजे. तोंडानं सांगा. नको.”